मतभेदाआधीचा जमाखर्च

१८९० सालच्या डिसेंबरात बाळ गंगाधर टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीला आपल्या राजीनाम्याची कारणे सविस्तर लिहून दिली. मूळ राजीनामा ऑक्टोबरातच गेला होता. डिसेंबरातला मजकूर म्हणजे कैफियतच होती, आणि वकिलीची परीक्षा दिलेल्या माणसाची कैफियत असल्याने ती चांगली पल्लेदार होती. टिळक-आगरकरांचा वाद 'आधी राजकीय की आधी सामाजिक' या एका ओळीत पाठ केलेला आजचा वाचक ती वाचायला घेईल तर बुचकळ्यात पडेल. विधवांचे केशवपन, बालविवाह, शास्त्रार्थ यांच्यावर तिचा भर नाहीच. भर आहे तो पगारावर, बाहेरच्या मिळकतीवर, कोणी किती तास कुठे घालवले यावर आणि कोणी कोणाला काय बोलले यावर.

शाळेच्या पाठ्यपुस्तकात या गोष्टी येत नाहीत. दोन थोर पुरुष तत्त्वासाठी वेगळे झाले, हे वाक्य मुलांना सांगायला सोपे. पण दहा वर्षे खांद्याला खांदा लावून काम केलेली माणसे नुसत्या तत्त्वावरून इतकी कडू होत नाहीत. महाराष्ट्रातल्या या सर्वांत गाजलेल्या बेबनावाचे कागद पाहिले की लक्षात येते, मतभेद पहिल्या दिवसापासून होते आणि दोघांनाही ते ठाऊक होते. ते चालवून घेण्याची तयारी जोवर होती तोवर मैत्री टिकली. ती तयारी कशी संपली, हा खरा इतिहास आहे.

दोघांचा जन्म १८५६ च्या जुलैतला. आगरकर १४ तारखेचे, टिळक २३ चे, म्हणजे नऊ दिवसांचे अंतर. पण परिस्थितीचे अंतर नऊ दिवसांत मावणारे नव्हते. टिळकांचे वडील गंगाधरपंत शिक्षण खात्यात होते, संस्कृत आणि गणित जाणणारे होते, आणि त्यांनी मुलापुरती तजवीज करून ठेवली होती. आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. घरी दारिद्र्य. शिकायचे म्हणून कधी मुन्सफाच्या कचेरीत उमेदवारी, कधी दवाखान्यात कंपाउंडरी, शिक्षणासाठी कऱ्हाडहून रत्नागिरीपर्यंत पायी प्रवास, मग अकोल्याला नातेवाइकांकडे राहून मॅट्रिक. पुण्याला डेक्कन कॉलेजात आले तेव्हा अंगात घालायला सदरा एकच होता, तो रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, ही हकिगत त्यांच्या प्रत्येक चरित्रात आहे. टिळकांनी त्याच कॉलेजात पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून तालीम आणि पोहणे यांत घालवले होते, प्रकृती कमवायची म्हणून. एक वर्ष वाया घालवण्याची चैन एकाला परवडत होती, दुसऱ्याला नव्हती. पुढच्या भांडणाच्या वेळी हा फरक उपयोगी पडेल, म्हणून लक्षात ठेवावा.

गाठ पडली ती १८७९ च्या सुमारास. टिळक बी.ए. होऊन एल्एल.बी. करण्यासाठी कॉलेजातच राहिले होते, आगरकर एम.ए. ची तयारी करत होते. येरवड्याच्या त्या माळावर मुळा-मुठेच्या काठाने रात्ररात्र फिरत दोघांनी आयुष्याचा बेत ठरवला. सरकारी नोकरी करायची नाही, शिक्षणाला वाहून घ्यायचे. त्या काळी एम.ए., एल्एल.बी. झालेला माणूस मामलेदारी-मुन्सफी सोडून मास्तरकी करतो म्हणजे त्याच्या डोक्यावर परिणाम झाला असे घरचे धरून चालत. आगरकरांनी आईला पत्र लिहून बजावले की मुलगा मोठ्या परीक्षा उतरला, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल, असे मनोरथ करू नकोस. पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ लोकांच्या कामी लावणार आहे. हे पत्र मराठीत फार नावाजले गेले. ते वाचून त्या माउलीला काय वाटले असेल, याची चौकशी मात्र चरित्रकारांनी फारशी केलेली नाही.

तिकडे विष्णुशास्त्री चिपळूणकर रत्नागिरीची सरकारी मास्तरकी सोडून पुण्यात परतले होते. १८७४ पासून 'निबंधमाला' चालवून त्यांनी नाव कमावले होते, आणि त्यांना स्वतःची शाळा काढायची होती. १८८० च्या जानेवारीत बुधवार पेठेतल्या मोरोबादादांच्या वाड्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. चिपळूणकर आणि टिळक पहिल्यापासून होते, महादेव बल्लाळ नामजोशी मिळाले, वामन शिवराम आपटे आले, आणि एम.ए. उरकून आगरकर १८८१ च्या सुरुवातीला हजर झाले. शाळेचे नाव इतके लवकर झाले की १८८२ मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी आलेल्या हंटरसाहेबानेही ती पाहून वाखाणली.

शाळेपाठोपाठ छापखाना. आर्यभूषण छापखान्याचे सामान आणल्याची गोष्ट टिळक पुढे मोठ्या अभिमानाने सांगत. मजुरांची वाट न पाहता या पदवीधर मंडळींनी टाइपाच्या पेट्या स्वतः उचलून नेल्या. २ जानेवारी १८८१ ला इंग्रजी 'मराठा' निघाला, ४ जानेवारीला 'केसरी'. इंग्रजी पत्र टिळकांकडे, मराठी आगरकरांकडे. 'केसरी' म्हटले की टिळक डोळ्यांसमोर येतात, पण त्याची पहिली जवळजवळ सात वर्षे आगरकरांची आहेत, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

या मंडळींत एकमत होते का? मुळीच नाही. चिपळूणकर सुधारकांचे उघड टीकाकार होते. जोतीराव फुल्यांवर आणि लोकहितवादींवर त्यांनी 'निबंधमाले'त केलेली टीका आजही बोचते. आगरकर मिल आणि स्पेन्सर पचवलेले बुद्धिवादी. अशी दोन माणसे एका दप्तरात बसून काम करत होती. १७ मार्च १८८२ रोजी चिपळूणकर वारले तेव्हा त्यांना बत्तिसावे वर्ष चालू होते. ते जगते तर फुटीला १८८७ पर्यंत थांबावे लागले नसते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते, आणि फूट कदाचित वेगळ्या रेषेवर पडली असती.

चिपळूणकर गेले त्याच वर्षी कोल्हापूरचे प्रकरण अंगाशी आले. तिथले अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी महाराज वेडे ठरवले गेले होते आणि त्यांचा छळ होतो अशी बोलवा होती. 'केसरी' आणि 'मराठा' या दोन्ही पत्रांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर तोफ डागली. ज्या पत्रांचा आधार घेतला ती बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरी बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद मागे घेतली नाही. जामिनाच्या वेळी धावून आले ते जोतीराव फुल्यांचे स्नेही रामशेठ उरवणे. दहा हजारांचा जामीन त्यांनी फुल्यांच्या शब्दाखातर भरला. चिपळूणकरांनी फुल्यांविषयी काय काय लिहिले होते ते आठवले, म्हणजे या जामिनाची किंमत कळते. १७ जुलै १८८२ ला शिक्षा झाली, चार महिने साधी कैद. दोघांना डोंगरीच्या तुरुंगात एकाच खोलीत ठेवले आणि सवलत मिळून २६ ऑक्टोबरला सोडले. बरोबर १०१ दिवस.

या दिवसांवर आगरकरांनी 'डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस' हे छोटे पुस्तक लिहिले. तुरुंगावरच्या मराठी पुस्तकांची पुढे रांगच लागली, पण तिच्या आरंभी उभे असलेले हे पुस्तक खेळकर आहे, हे त्याचे विशेष. लेखकाचे वय सव्वीस. खोली लहान, जेवण असे की दोघांचीही वजने चांगलीच घटली, अंथरूण-पांघरुणाचे हाल, सुरुवातीला वाचायला काही नाही. मग उरले बोलणे. रात्री दोघांचा वाद इतका चढे की पहारेकऱ्याने येऊन दटावावे, थोडा वेळ कुजबुज व्हावी आणि मग पुन्हा आवाज टिपेला जावा. समाज आधी सुधारायचा की राज्य आधी मिळवायचे, घरच्या माणसांशी कसे वागायचे, शाळेचे पुढे काय करायचे, हे सगळे त्या खोलीत बोलून झाले. तिथेच आगरकरांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'च्या भाषांतराला हात घातला. ते 'विकारविलसित' या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या १०१ दिवसांत दोघांचे एकमत झाले नाही, आणि त्याचे दोघांनाही काही वाटले नाही. मतभेद म्हणजे तेव्हा रात्र काढण्याचे साधन होते.

बाहेर हारतुरे आणि मिरवणुका झाल्या. त्यानंतरची दोन-तीन वर्षे या मंडळाची खरी भरभराटीची. २४ ऑक्टोबर १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, २ जानेवारी १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज उघडले. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव कॉलेजला दिले, कोल्हापूरच्या दरबाराशी नाते जुळले, आणि संस्थानिकांच्या दारी जाऊन देणग्या आणण्यात नामजोशींनी कमाल केली. आपटे प्रिन्सिपॉल झाले. टिळक गणित शिकवत, आगरकर इतिहास आणि तर्कशास्त्र. गोपाळ कृष्ण गोखले नावाचा तरुण ३५ रुपयांवर शाळेत मास्तर म्हणून आला आणि लवकरच आजीव सभासद झाला.

आणि इथेच पाणी मुरायला लागले. हौसेने काढलेली शाळा आता संस्था झाली होती. संस्था म्हटली की घटना आली, ठराव आले, मते मोजणे आले. आजीव सभासदाने वीस वर्षे संस्थेला द्यायची, संस्थेने त्याला बेताचा पगार, आयुष्याचा विमा आणि पुढे थोडे निवृत्तिवेतन द्यायचे, असा करार होता. पगाराचा जो आकडा पुढे या लोकांच्या नावाला चिकटला, तो ७५ रुपयांचा.

टिळकांच्या मनात आदर्श होता तो जेझुइट पाद्र्यांचा. सर्वांना सारखा पगार, बाहेरची मिळकत नाही, मिळालीच तर संस्थेत जमा. सगळा वेळ संस्थेचा. हा आदर्श त्यांनी गमतीने नव्हे, गणिताच्या काटेकोरपणाने धरला होता. पण जेझुइटाला बायकापोरे नसतात. फर्ग्युसनच्या प्राध्यापकांना होती. पाच-सहा वर्षांनी संसार वाढले, आजारपणे आली, गावाकडच्या आईवडिलांना पैसे पाठवणे आले. आगरकरांना दम्याने ग्रासले होते. १८८७ च्या सुरुवातीला पगार थोडा वाढवावा अशी सूचना आगरकरांकडून आली. टिळकांनी विरोध केला. वाढ मागणारा माणूस लोभी नव्हता, त्याने आयुष्यभर पैशाला लाथच मारली होती. नाही म्हणणाराही दुष्ट नव्हता. आज पाच रुपये वाढवले तर उद्या वीस वाढतील आणि सरकारी कॉलेज व आपले कॉलेज यांत फरक उरणार नाही, हे त्याचे म्हणणे बिनतोड होते. फक्त ते बिनतोड म्हणणे मांडणाऱ्याच्या घरी वडिलांनी ठेवलेली तजवीज होती, आणि ऐकणाऱ्याच्या घरी नव्हती. ही गोष्ट बैठकीत कोणी बोलून दाखवली नसली तरी तिची जाणीव कोणालाच नसेल, हे संभवत नाही.

पुढे होळकर महाराजांकडून आलेल्या सातशे रुपयांचेही असेच झाले. पैसे ग्रंथकाराला दिले की संस्थेला? आगरकरांनी व्याकरणावर 'वाक्यमीमांसा' लिहिली होती. ग्रंथाबद्दलचे बक्षीस ग्रंथकाराचे, ही एक बाजू. संस्थेचा माणूस म्हणून मान मिळाला तर पैसा संस्थेचा, ही दुसरी. सातशे रुपये त्या दिवसांत लहान रक्कम नव्हती, पण दहा वर्षांच्या मैत्रीच्या मानाने अगदीच किरकोळ. तरीही ती गोष्ट टिळकांच्या कैफियतीपर्यंत टिकून राहिली. घरातली भावंडे भांडतात ती जमिनीवरून असे आपण म्हणतो. पुष्कळदा भांडण पेटते ते तांब्या-पितळेच्या भांड्यावरून.

वर्तमानपत्रात निराळीच ओढाताण चालू होती. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी या पारशी पत्रकाराने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध केली आणि सरकारने कायदा करावा असा आग्रह धरला. पाठोपाठ रखमाबाईंचा खटला आला. लहानपणी लग्न झालेल्या, शिकलेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला नकार दिला. दादाजी भिकाजी कोर्टात गेले. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, अपिलानंतर १८८७ मध्ये तो फिरला आणि नांदा नाहीतर तुरुंगात जा असा हुकूम झाला. मुंबई-पुण्यात घराघरांत दोन तट पडले. आगरकर रखमाबाईंच्या बाजूचे. टिळकांच्या मते धर्मशास्त्र आणि कायदा दोन्ही नवऱ्याच्या बाजूचे होते, आणि परक्या सरकारला आमच्या माजघरात बोलावणे त्यांना मान्यच नव्हते.

आता 'केसरी'ने काय लिहायचे? पत्र मंडळाचे. संपादक एक, पण मालकी आणि जबाबदारी सर्वांची. सुधारणेवरचा लेख ज्याचा त्याने आपल्या जबाबदारीवर लिहावा, तो पत्राचे मत समजू नये, अशी तडजोड निघाली. आगरकरांसारख्याला हे किती झोंबले असेल! ज्या विषयासाठी लेखणी हातात धरली, नेमका त्याच विषयावर संपादकाने आपल्याच पत्रात पाहुण्यासारखे लिहायचे. दुसऱ्या बाजूने पाहिले तर टिळकांची अडचणही खोटी नव्हती. 'केसरी'चा वाचक पेठेतला आणि तालुक्याच्या गावचा, जुन्या वळणाचा. त्याला सरकारविरुद्ध उभे करायचे तर त्याच्या देवघरावर हात टाकून चालणार नाही. कोणते काम आधी, हा प्रश्न अखेर अग्रलेखाच्या जागेचा प्रश्न झाला. रकाना एकच होता.

१८८७ च्या ऑक्टोबरात आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि टिळकांचे नाव संपादक म्हणून झळकले. वर्षभराने, १५ ऑक्टोबर १८८८ ला, 'सुधारक' निघाला. मराठी बाजू आगरकरांची, इंग्रजी गोखल्यांची. आता गोष्ट विचित्र अशी की दोघे अजून एकाच संस्थेचे आजीव सभासद होते. सकाळी एकाच कॉलेजात शिकवायचे, एकाच बैठकीत बसायचे, आणि आठवड्याच्या अंकात एकमेकांचे वाभाडे काढायचे. १०१ दिवस एका खोलीत काढलेल्या माणसांना एकमेकांची मर्मस्थाने ठाऊक होती. घाव बरोबर तिथे बसत. पुण्याचे वाचक मिटक्या मारत असतील, यात शंका नाही. या शहराला चांगल्या भांडणाची आवड पहिल्यापासून आहे.

शेवटची ठिणगी गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले, त्यावरून पडली. संस्थेचा माणूस बाहेरचे एवढे मोठे काम घेतो म्हणजे संस्थेचा वेळ बाहेर जातो, हे टिळकांचे म्हणणे. बहुमत त्यांच्या विरुद्ध गेले. वर्तमानपत्राला आपण देतो तो वेळ कोणाचा, असे कोणी टिळकांना विचारले तर त्याचेही उत्तर त्यांच्याकडे होते: वर्तमानपत्र मूळ संकल्पातच होते. या उत्तराने समाधान होणारे लोक तोवर मंडळात फार उरले नव्हते. १८९० च्या ऑक्टोबरात टिळक बाहेर पडले. त्याच महिन्याच्या ४ तारखेला पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये तो प्रसिद्ध चहा झाला होता. गोपाळराव जोशींनी चहा घेणाऱ्यांची नावे छापून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. त्या यादीत सुधारकांचे पुढारी न्यायमूर्ती रानडे होते, गोखले होते आणि टिळकही होते. सनातनी आणि सुधारक असे दोन स्वच्छ कप्पे करणाऱ्यांनी ही यादी एकदा जरूर पाहावी.

संमतिवयाच्या बिलाच्या वेळी हेच दिसते. दहाच्या जागी बारा वर्षे करणारा हा कायदा १८९१ च्या मार्चमध्ये झाला. टिळक त्याचे कट्टर विरोधक, आगरकर कट्टर समर्थक, इतके सर्वांना माहीत असते. पण त्याआधी काही महिने टिळकांनी सुधारकांपुढे एक उलट सूचना ठेवली होती: मुलीचे लग्न सोळाच्या आत करू नये, मुलाचे विसाच्या आत करू नये, चाळिशी उलटलेल्याने लग्न करायचेच तर विधवेशी करावे, हुंडा घेऊ नये, विधवेचे केशवपन करू नये, आणि हे सरकारने सर्वांवर लादू नये, ज्यांना पटते त्यांनी सह्या करून स्वतः पाळावे. आकडे पाहिले तर ही सूचना बिलाच्या पुढे होती. डाव म्हणूनही ती उत्तम होती, कारण सह्या करणारे किती निघतात ते टिळकांना ठाऊक होते. आगरकरांचे उत्तर साधे होते. पाळणारे स्वतःहून पाळतीलच. प्रश्न न पाळणाऱ्याच्या घरातल्या दहा वर्षांच्या मुलीचा आहे. तिच्या वतीने सही कोण करणार? या मुद्द्यावर प्रस्तुत लेखकाचे मत आगरकरांच्या बाजूने आहे, आणि सव्वाशे वर्षांनंतर ते तसे असायला फार धैर्य लागत नाही. आगरकरांना लागले. क्रीडाभुवनातली सुधारकांची सभा उधळली गेली, आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली आणि त्यांच्या दारावरून नेली गेली.

दोघांचे संसार पुढे कसे चालले, हेही पाहण्यासारखे आहे. टिळकांनी 'केसरी' आणि 'मराठा' कर्जासकट आपल्याकडे घेतले. कर्ज सुमारे सात हजारांचे होते. छापखाना भागीदारांकडे गेला. पोटासाठी टिळकांनी कायद्याचा वर्ग काढला आणि लातूरच्या सरकी काढण्याच्या गिरणीत भागी घेतली. जेझुइटांचा नियम सांगणारा माणूस गिरणीचा भागीदार झाला, म्हणून हसणाऱ्यांनी हेही पाहावे की नियम मोडून संस्थेत राहण्यापेक्षा बाहेर पडून पैसे मिळवणे त्यांना सरळ वाटले. आगरकर मात्र संस्थेतच राहिले. १८९२ मध्ये संस्कृत कोशाने अमर झालेले आपटे चौतिसाव्या वर्षी वारले आणि प्रिन्सिपॉलपद आगरकरांकडे आले. दमा वाढत होता. कॉलेज, 'सुधारक', आजारपण आणि शिव्याशाप, असा चौपदरी दिनक्रम त्यांनी तीन वर्षे रेटला.

१७ जून १८९५ रोजी, एकोणचाळीस पुरी व्हायला महिना कमी असताना, ते गेले. अंत्यविधीसाठी कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुरचुंडीत बांधून, वर लिहून ठेवले होते, असे सांगतात. तो दिवस सोमवार होता. 'केसरी' मंगळवारी निघे. म्हणजे मृत्युलेख लिहायला टिळकांच्या हाती एक रात्रही धड नव्हती. लिहिताना ते वारंवार थांबत होते, डोळे भरून येत होते आणि एरवी तासाभरात अग्रलेख सांगणाऱ्या माणसाला त्या लेखाला फार वेळ लागला, अशी आठवण सांगितली जाते. लेखात त्यांनी मैत्रीही सांगितली आणि मतभेदही लपवले नाहीत.

म्हणून वाद संपला असे झाले नाही. सहाच महिन्यांनी काँग्रेसचे अधिवेशन पुण्यात भरले. काँग्रेसच्या मांडवात सामाजिक परिषद भरवण्याची रीत होती. पुण्यात तिला असा विरोध झाला की रानड्यांना ती वेगळ्या मांडवात घ्यावी लागली. सार्वजनिक सभा टिळकांच्या बाजूच्या हाती गेली आणि १८९६ मध्ये रानडे-गोखल्यांनी डेक्कन सभा काढली. ज्या संस्थेच्या चिटणीसपदावरून टिळकांनी फर्ग्युसन सोडले, ती संस्था गोखल्यांना सोडावी लागली. त्याच वर्षी नामजोशीही वारले. मोरोबादादांच्या वाड्यातल्या त्या पाच जणांपैकी आता टिळक एकटे उरले होते, आणि ते आणखी चोवीस वर्षे जगले.

या प्रकरणावर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. विश्राम बेडेकरांनी तर 'टिळक आणि आगरकर' असे नाटकच लिहिले. त्यातला न्यायनिवाडा बहुधा तत्त्वाच्या अंगाने होतो आणि ज्याला जो जवळचा त्याच्या पारड्यात माप पडते. पण हे दोघे वेगळे झाले नसते तर काय झाले असते, याचा विचार कोणी फारसा करत नाही. 'केसरी' दोन्हीकडून ओढला जाऊन मिळमिळीत झाला असता. 'सुधारक' निघालाच नसता. फर्ग्युसनमध्ये टिळक गणित शिकवत राहिले असते. म्हणजे फूट चांगली झाली असे नव्हे; तिची किंमत आगरकरांनी एकटे पडून मोजली आणि टिळकांनी आपण उभ्या केलेल्या कॉलेजबाहेर राहून मोजली. पण त्या दोघांना एकत्र ठेवू शकेल एवढा मोठा रकाना आणि एवढा लवचिक करार त्या संस्थेपाशी नव्हता, हे खरे.

वाचकाला सांगायचे ते एवढेच: टिळक-आगरकर वाद वाचायला घ्याल तेव्हा १८९० चा राजीनामा किंवा संमतिवयाचे अग्रलेख यांपासून सुरुवात करू नका. आधी डोंगरीच्या तुरुंगावरचे ते लहानसे पुस्तक वाचा. एका बैठकीत संपते.